आजोबांच्या घरचा विन्या

आपल्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, श्रीवर्धन तालुक्यात, दिवेआगर नावाचे गाव आहे. नारळी-पोफळीच्या वाड्यांत दडलेले हे गाव ज्यांनी पाहिले असेल, त्यांस त्याची शोभा वर्णून सांगणे नको. परंतु ह्या गावाची एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात नसते. शके 982 मधील, म्हणजे इ. स. 1060 मधील, एक मराठी ताम्रपट येथे सापडला असून, ज्यांवर काळ कोरलेला आहे अशा अगदी जुन्या मराठी लेखांत त्याची गणना होते. म्हणजे मराठी अक्षराची ह्या किनाऱ्याशी ओळख जवळजवळ हजार वर्षांची आहे. असे असूनही, त्या ताम्रपटानंतर कित्येक शतके आपल्या खेड्यापाड्यांतील मुलांना भाषा मिळाली ती डोळ्यांनी नव्हे, कानांनी मिळाली. दिवेलागण झाली, शुभंकरोती म्हणून झाले, की आजीच्या मांडीवर डोके टेकून गोष्ट ऐकावी; आजोबा ओटीवर पोथी सोडून बसले, की खांबाला टेकून अर्थ कळो न कळो ती ऐकावी; हीच त्यांची शाळा आणि हेच त्यांचे ग्रंथालय. पोथी मात्र तांबड्या फडक्यात गुंडाळून फडताळात वर ठेवलेली. तिला हात लावावयाचा तर हात धुऊन.

अशा ऐकणाऱ्या घरातून वाचणारे मूल कसे निघते, हा प्रश्न लहान वाटला तरी लहान नव्हे. त्याचे उत्तर एका थोर पुरुषाच्या चरित्रात फार चांगल्या रीतीने पाहावयास मिळते. तो पुरुष दिवेआगरचा नव्हे; परंतु आपल्याच जिल्ह्याचा, पेण तालुक्यातील गागोदे ह्या गावचा होय. त्या वेळी ह्या जिल्ह्यास कुलाबा जिल्हा म्हणत, व श्रीवर्धन-दिवेआगरकडील मुलूख तर जंजिऱ्याच्या नबाबाच्या संस्थानात होता. राज्ये दोन होती खरी, पण घरे एकाच ठेवणीची होती. म्हणून विनायक नरहर भावे ह्या मुलाचे बालपण वाचताना आपल्याकडील कोणत्याही वाचकास आपल्याच ओटीवरची हकीकत वाचीत असल्यासारखे वाटेल. हा मुलगा पुढे आचार्य विनोबा भावे ह्या नावाने जगाला माहीत झाला. घरात मात्र तो विन्या होता.

विन्याचा जन्म 11 सप्टेंबर 1895 रोजी झाला. वडील नरहरराव हे नोकरीनिमित्त बडोद्यास असत. रंगांच्या रसायनशास्त्रात त्यांना गती होती. स्वभाव नेटका, शिस्तीचा, व प्रत्येक गोष्ट मोजूनमापून पाहण्याचा. आई रुक्मिणीबाई मुलांस घेऊन गागोद्यास सासू-सासऱ्यांपाशी राहत. वडील दूर शहरात, सणावाराला घरी यावयाचे, आणि मुले आजोबांच्या छत्राखाली वाढावयाची, ही रीत कोकणातील वाचकांस नवी नाही. आजही किनाऱ्यावरील कित्येक घरांतील कर्ते पुरुष मुंबईस असतात व गणपतीला किंवा शिमग्याला गावी येतात. असा बाप घरी आला म्हणजे मुलांचे डोळे प्रथम त्याच्या तोंडाकडे न जाता त्याच्या हातातील बोचक्याकडे जातात, हे सांगितल्यास कोणी रागावू नये. विन्याही त्याला अपवाद नव्हता. ती कथा पुढे येईलच.

आजोबांचे नाव शंभूराव. ते गागोद्याचे इनामदार. परंतु त्यांचा खरा व्यवसाय देवपूजा हाच होता असे म्हटले तरी चालेल. त्यांची पूजा तासन्‌तास चाले व विन्या जवळ बसून ती पाही. एके दिवशी पूजा चालू असता देवाच्या मूर्तीवर एक विंचू चढून बसला. घरात एकच ओरड झाली. कोणी त्याला मारावयास धावले. शंभूरावांनी सर्वांस थांबविले. तो प्राणी देवाच्या आश्रयास आला आहे, त्याला कोणी हात लावावयाचा नाही, असे त्यांनी शांतपणे सांगितले, आणि गंध, फूल, नैवेद्य सारे यथासांग पुरे केले. पूजा आटोपल्यावर विंचू आपल्या वाटेने निघून गेला. शरणागताला अभय द्यावे हे पुस्तकात वाचून पाठ करणारी मुले पुष्कळ असतात. विन्याने ते विंचवाच्या नांगीसह पाहिले, आणि म्हातारपणापर्यंत तो ते विसरला नाही.

आजोबा चांद्रायण व्रत करीत. ह्या व्रतात प्रतिपदेस एक घास, द्वितीयेस दोन, अशा क्रमाने पौर्णिमेस पंधरा घास घ्यावयाचे, आणि पुढे एकेक कमी करीत अमावास्येस निराहार राहावयाचे, असा नियम असतो. चंद्र उगवल्यावर त्याची पूजा करून मगच आजोबा आपले मोजके घास घेत. कृष्णपक्षात चंद्र रात्री उशिरा उगवतो. तेव्हा विन्या झोपेत असे. तरीही त्या मोजक्या अन्नातून नातवाच्या वाटचा प्रसाद काढून ठेवल्याखेरीज आजोबांचे व्रत जणू पुरे होत नसे. ते त्याला उठवीत, आणि तो पेंगुळलेल्या डोळ्यांनी हात पुढे करी. वाचकहो, ज्याला स्वतःला त्या दिवशी तीन-चार घासच मिळावयाचे आहेत, त्याच्या हातून आलेला तो कण किती मोठा असेल, ह्याचा आपणच विचार करावा.

भाद्रपदात गणपती येत. मूर्ती बाजारातून आणीत नसत. मुले चंदन उगाळीत आणि आजोबा त्या चंदनाची मूर्ती घडवीत. पूजा, आरती, नैवेद्य सारे होई, आणि मग ती मूर्ती पाण्यात सोडावयाची. ज्याच्यासाठी इतके हात दुखविले तो देव पाण्यात विरघळून जावा, ह्याचे त्या वयात मुलाला वाईट वाटे. परंतु आपण घडविलेले आपणच प्रेमाने सोडून द्यावे, हा धडा त्यात होता, असे विनोबा पुढे सांगत. विन्याला पुढे कविता करण्याचा नाद लागला. एकेका कवितेवर तो दिवसच्या दिवस खर्ची घाली, आणि ती मनासारखी उतरली की चुलीत टाकी. आईला त्याचे हे करणे समजत नसे. आम्हांस वाटते, ह्याचे मूळ आजोबांच्या चंदनाच्या गणपतीत असावे.

शंभूरावांचा देवभोळेपणा संकुचित नव्हता. भावे घराण्याचे वाई येथे एक शिवालय होते. त्या काळी ज्यांना देवळाच्या पायरीवरही उभे राहू देत नसत, त्या अस्पृश्य गणलेल्या बांधवांस ते वर्षातून एक दिवस देवळात प्रवेश देत, आणि एका मुसलमान गवयास तेथे भजन म्हणावयास त्यांनी बोलाविले होते. लोकांनी नावे ठेविली. आजोबांनी ती ऐकून घेतली आणि आपले केले. वर्षातून एकच दिवस का, असे आजचा वाचक विचारील, व ते विचारणे योग्यच आहे. परंतु तो एक दिवसही त्या काळी किती घरांना साधला, हेही पाहावे.

गागोद्याच्या त्या घरात एक अंध वृद्ध राहत असत. मुले त्यांना काकाच समजत. आई त्यांना वेळच्या वेळी वाढी, त्यांचे सारे करी. पुढे ते वारले, तेव्हा घरात सुतक पाळले नाही. मुलांना नवल वाटले. विचारता कळले, की ते कोणी नात्याचे नव्हतेच. निराधार म्हणून त्यांना घरात आसरा दिला होता. इतकी वर्षे एका पंगतीस जेवून मुलांना त्याचा संशयही येऊ नये, ह्यात त्या घराची सारी थोरवी आली.

आईविषयी किती लिहावे! विनोबांनी आपल्या आयुष्यात ज्यांचे ऋण मानले त्यांत आईचे नाव पहिले. तिचा गळा गोड. काम करता करता ती संतांचे अभंग गाई. तुळशीला पाणी घातल्याशिवाय मुलाला खावयास मिळत नसे. झाडाला फणस लागला की पहिला वाटा शेजारच्या घरांना जाई. तो वाटा पोहोचविण्याचे काम मुलांचेच, आणि तो पोहोचल्यावरच घरच्यांच्या ताटात गरे पडत. देणारा तो देवाच्या जातीचा आणि साठविणारा राक्षसाच्या, अशी तिची सोपी वाटणी होती. पुढे ज्याने देशभर हिंडून जमीन मागितली, त्याने वाटून खाण्याचा पहिला धडा गागोद्याच्या फणसाच्या गऱ्यांवर घेतला होता.

रात्री ती मुलांना संतांच्या गोष्टी सांगे. भक्तिविजयातील कथा ऐकून विन्याने एकदा शंका काढली, की असे संत पूर्वी होऊन गेले, आता का होत नाहीत? तिने सांगितले, की संत आताही आहेत, आपल्याला ते ओळखू येत नाहीत इतकेच. ते नसते तर हे जग चालले नसते. ह्या बाईचे अक्षरज्ञान बेताचेच होते. पोथीतील ओवी ती अक्षराला अक्षर जोडून वाची, व एकेका ओवीस पुष्कळ वेळ लागे. पुढे मुलानेच तिला नीट वाचावयास साहाय्य केले. मुलाला गोष्टींची गोडी लावणारी आई, आणि आईला अक्षरांची वाट दाखविणारा मुलगा, अशी ती देवघेव होती. आपणांस नीट वाचता येत नाही, मग मुलांना वाचनाची गोडी आपण काय लावणार, असे म्हणून हात झाडणारे वडीलधारे आपल्या पाहण्यात येतात. त्यांनी रुक्मिणीबाईंची आठवण ठेवावी.

गाव लहान, आणि विन्या केवळ घरातच वाढत होता असेही नाही. दगड फोडणारे मजूर काम करीत असले, की तो जवळ जाऊन उभा राही. त्यांना ह्या मुलाची गंमत वाटे. पुष्कळ घाव बसून फुटण्याच्या बेतात आलेला दगड ते त्याच्यापुढे करीत व हातोडा त्याच्या हाती देत. एका घावात दगड दुभंगला, की इनामदाराच्या मुलाने दगड फोडला म्हणून सगळे आरोळी ठोकीत. लहान मुलाला काम शिकविण्याची ही युक्ती त्या अडाणी समजल्या जाणाऱ्या लोकांना कोणी शिकविली असेल? पहिला धडा सोपा असावा आणि शेवटचा घाव मुलाचा असावा, हे पुष्कळ शिक्षकांनाही साधत नाही.

आता त्या बोचक्याची गोष्ट.

दिवाळी जवळ आली होती. वडील बडोद्याहून यावयाचे होते, आणि येताना मुलांकरिता मिठाई आणतील, असे आईने सांगून ठेविले होते. बडोद्याची मिठाई! खेड्यातील मुलाच्या तोंडाला त्या नावानेच पाणी सुटावे. विन्या दिवस मोजू लागला. अखेर वडील आले. तो धावत गेला, वडिलांनी एक पुडके त्याच्या हाती दिले. पुडके हातात येताच तो थोडा चपापला. लाडू किंवा पेढे असते तर पुडके गोल, फुगीर लागावयाचे. हे तर चपटे, चौकोनी आणि कोपऱ्याकोपऱ्यांचे. कदाचित बर्फी असेल, अशी मनाची समजूत घालून त्याने कागद सोडला. आत दोन पुस्तके निघाली: मुलांकरिता लिहिलेले रामायण आणि मुलांकरिता लिहिलेले महाभारत.

मुलाने ती तशीच आईकडे नेली. ह्या क्षणी आईने काय केले, ह्यावर पुढील सारे अवलंबून होते, असे आम्हांस वाटते. सणाच्या दिवशी लेकराला खाऊ न आणता कागद आणले म्हणून तिने नवऱ्यास बोल लाविला असता, तर त्यात नवल नव्हते. आणि मग त्या दोन पुस्तकांकडे मुलाने जन्मभर हुकलेली मिठाई म्हणूनच पाहिले असते. परंतु पुस्तके पाहून तिच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. वडिलांनी आणलेल्या ह्या खाऊपेक्षा अधिक चांगला खाऊ असू शकत नाही, असे तिने त्याला सांगितले. विन्या पुस्तके घेऊन बसला, आणि त्या दिवशी लागलेली ती चव पुढे सत्तर-पंचाहत्तर वर्षे सुटली नाही. म्हातारपणी आईवडिलांच्या आठवणी सांगताना विनोबा ही आठवण सांगत.

येथे थोडे थांबून एक गोष्ट पाहण्याजोगी आहे. ती पुस्तके त्या मुलास परकी वाटली नाहीत, ह्याचे कारण काय? राम, सीता, भीम, कर्ण ही मंडळी त्याच्या घरी आधीच राबता ठेवून होती. आजोबांच्या देवघरात आणि आईच्या कामाच्या गाण्यांत ती त्याला भेटली होती. कानाने ओळखीची झालेली माणसे आता डोळ्यांना भेटली, एवढेच. ज्या मुलास कोणी कधी गोष्ट सांगितली नाही, त्याच्या हाती एकाएकी पुस्तक दिले, तर ते त्याला परमुलखातील अनोळखी माणसासारखे वाटते. म्हणून नरहररावांच्या पुडक्याचे श्रेय एकट्या नरहररावांस देता येत नाही. त्याची तयारी गागोद्यास कित्येक वर्षे चालू होती.

वयाच्या नवव्या-दहाव्या वर्षाच्या सुमारास विन्या बडोद्यास गेला. आजोबांचे घर सुटले, शहर आले, शाळा आली. वडिलांच्या इच्छेने शाळेत त्याने फ्रेंच भाषा घेतली. ब्राह्मणाच्या मुलाने संस्कृत सोडून फ्रेंच शिकावे ह्याचे आईला आश्चर्य वाटले, आणि तिच्या त्या शब्दावरून त्याने संस्कृतही सुरू केले. वर्गातील अभ्यासापेक्षा त्याचे मन बाहेरील वाचनात अधिक रमे. ज्ञानेश्वर, तुकाराम, रामदास ह्यांचे ग्रंथ त्याने ह्याच काळात मनःपूर्वक वाचले. योगायोग असा, की बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड ह्यांनी 1910 साली अमेरिकेतून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालास बोलावून आपल्या राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांची मोठी योजना सुरू केली होती. शहरात मध्यवर्ती ग्रंथालय, तालुक्यांत व गावांत लहान ग्रंथालये, पेट्यांतून खेडोपाडी पाठवावयाची फिरती पुस्तके, असा तो व्याप होता. ज्याला पुस्तकांची भूक आहे अशा मुलाला त्या काळी बडोद्याइतके चांगले गाव हिंदुस्थानात क्वचितच असेल.

ह्या ग्रंथालयातील एक प्रसंग मजेदार आहे. उन्हाळ्याच्या दिवसांत विनायक अंगातील सदरा काढून उघड्या अंगाने वाचीत बसला होता. नोकराने हरकत घेतली, की येथे नीट पोशाख करून बसले पाहिजे. विनायकाने उत्तर दिले आणि वाचन पुढे चालू ठेविले. तक्रार वरच्या युरोपियन अधिकाऱ्याकडे गेली. त्याने ह्या मुलाला बोलावून समोर उभे केले व सभ्यपणाविषयी विचारले. मुलाने सांगितले, की आमच्या देशात उन्हाळ्यात उघडे बसणे असभ्य समजत नाहीत. मात्र एकाने खुर्चीवर बसावे आणि दुसऱ्यास उभे ठेवून बोलावे, हे असभ्य समजतात. अधिकारी मनाचा मोठा होता. त्याने लगेच खुर्ची दिली, आणि ग्रंथालयात कोणती पुस्तके कशी शोधावीत हेही समजावून दिले. आमच्या शाळेतील मुलांनी ह्यातून उत्तर देण्याचा भाग तेवढा न घेता, वाचीत बसण्याचाही घ्यावा, अशी विनंती आहे.

सोबत्यांना जमवून त्याने एक विद्यार्थी मंडळ काढले. ठरल्या दिवशी जमावयाचे, कोणीतरी विषय मांडावयाचा, वादविवाद करावयाचा. मुलांनीच मिळविलेल्या पुस्तकांचा त्यांचा संग्रहही चांगला वाढला होता.

परंतु वाचन म्हणजे परीक्षा, आणि परीक्षा म्हणजे नोकरी, हे समीकरण त्याला मान्य नव्हते. एके दिवशी आईच्या चुलीपाशी बसून त्याने आपली सारी सर्टिफिकेटे जाळून टाकली. कामास येतील, राहू दे, असे ती म्हणत होती. पण ती कधीच लागणार नाहीत, असे त्याचे म्हणणे पडले. 1916 साली इंटरमीजिएटच्या परीक्षेकरिता तो मुंबईस निघाला, वाटेत सुरतेस उतरला आणि काशीस गेला. त्याच वर्षी 7 जून रोजी अहमदाबादेजवळील कोचरब येथील आश्रमात महात्मा गांधींची व त्याची पहिली भेट झाली, आणि पुढील आयुष्याची दिशा ठरली. आश्रमातच त्याला विनोबा हे नाव मिळाले. (सर्टिफिकेटे जाळण्याचा कित्ता गिरविण्यापूर्वी ज्ञानेश्वरी वाचून पाहावी, असे आम्ही विद्यार्थ्यांस सुचवितो.)

पुढच्याच वर्षी आश्रमातून रजा घेऊन ते वाईस गेले. ही तीच वाई, जेथे आजोबांचे शिवालय होते. तेथील प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे ह्यांच्यापाशी त्यांनी ब्रह्मसूत्रे व शांकरभाष्य ह्यांचे अध्ययन केले. पण आपण एकट्याने वाचून भागेना. वाईतही त्यांनी मुलांचे मंडळ जमविले व एक वाचनालय चालविले. पुस्तकांना पैसे हवेत. ते आणावयाचे कोठून? वर्गणीची पुस्तके छापून श्रीमंतांच्या दारी जाण्याऐवजी ह्या मुलांनी जात्याचा खुंटा धरला. दोन शेर दळणास एक पैसा, असा दर ठरला. सुखवस्तू घरांतील, हायस्कुलात जाणारी मुलेही दळावयास बसत. दळण हे त्या काळी बायकांचे काम. तेव्हा गावात थट्टा झाली असेल, हे सांगावयास नको. मिळालेला पैसा वाचनालयास जाई. गागोद्याच्या मजुरांनी ज्याच्या हाती हातोडा दिला होता, त्याने वाईच्या मुलांच्या हाती जाते दिले, आणि त्यातून पुस्तके निघाली.

1918 च्या इन्फ्ल्युएन्झाच्या साथीत आई गेली. तिची एक इच्छा अपुरी राहिली होती. बडोद्यास असता तिला गीता समजून घ्यावयाची होती. संस्कृत येत नव्हते. विनोबांनी तिला मराठी गद्य भाषांतर आणून दिले. तिला पद्य हवे होते, म्हणून वामन पंडितांची समश्लोकी आणून दिली; ती तिला अवघड वाटली. तेव्हा, तूच का सोपी करून देत नाहीस, असे ती मुलाला म्हणाली. मुलगा त्या वेळी वीस वर्षांच्या आतबाहेरचा होता. तो शब्द त्याने पंधरा वर्षे मनात बाळगला. 7 ऑक्टोबर 1930 रोजी त्यांनी गीतेचे मराठी पद्य रूपांतर करण्यास आरंभ केला आणि 6 फेब्रुवारी 1931 रोजी ते पुरे केले. त्याचे नाव त्यांनी गीताई ठेविले. गीता हीच आई, असा त्या नावाचा भाव. 1932 साली ते पुस्तक प्रसिद्ध झाले. शब्द सोपे, छंद घरगुती, किंमत नाममात्र, आकार कनवटीस लावता येईल असा. पुढे त्याच्या लक्षावधी प्रती खपल्या आणि ते खेडोपाडीच्या घरांत गेले. ज्या बाईसाठी ते लिहिले, ती मात्र ते वाचावयास नव्हती.

त्याच 1932 साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. तेथे दर रविवारी त्यांनी कैद्यांपुढे गीतेवर प्रवचने केली. ती एकाने झरझर उतरून घेतली, म्हणूनच ती आज पुस्तकरूपाने उपलब्ध आहेत. उतरून घेणारे होते साने गुरुजी. तेही कोकणातलेच, पालगडचे, आणि आईच्या गोष्टींवर वाढलेले. कोकणातील दोन घरांतील दोन आयांचे मुलगे खानदेशातील एका तुरुंगात एकत्र आले. एक सांगत आहे आणि एक लिहून घेत आहे, हे चित्र आम्हांस फार आवडते.

ह्यापुढील विनोबांचे चरित्र सर्वश्रुत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. 1940 साली वैयक्तिक सत्याग्रहात गांधीजींनी त्यांस पहिला सत्याग्रही निवडले. 18 एप्रिल 1951 रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूमिहीनांसाठी पहिले शंभर एकर मिळाले व भूदान चळवळ सुरू झाली. त्यानंतर तेरा वर्षांहून अधिक काळ ते देशभर पायी हिंडले, आणि चाळीस लाखांहून अधिक एकर जमिनीचे दान त्यांनी मिळविले. त्यातील बरीच जमीन नापीक होती किंवा प्रत्यक्ष वाटली गेली नाही, हेही खरे आहे व ते लपविण्याचे कारण नाही. वाटेने चालतानाही त्यांचे वाचन-अध्ययन थांबले नाही. ज्या प्रांतात जावे त्याची भाषा शिकावी, तेथील संतांचे ग्रंथ मुळातून वाचावे, असा त्यांचा क्रम होता. कुराण वाचण्यासाठी ते अरबी शिकले. कुराणाचे सार आणि ख्रिस्तधर्माचे सार अशी निवडीची पुस्तके त्यांनी सामान्य वाचकांकरिता तयार केली. आजोबांच्या देवळात मुसलमान गवई गात असे, त्याची येथे आठवण होते. 15 नोव्हेंबर 1982 रोजी पवनार येथे त्यांनी देह ठेविला. पुढील वर्षी त्यांस मरणोत्तर भारतरत्न ही पदवी देण्यात आली.

एक हकीकत सांगावयाची राहिली. प्रौढ वयात, लहानपणी गाव सोडल्यास बरीच वर्षे होऊन गेल्यावर, विनोबा गागोद्यास काही दिवस येऊन राहिले होते. दुसऱ्या दिवशी निघावयाचे होते. रात्र झाली, वर चांदणे पसरले होते, आणि आईची आठवण येऊन त्यांना झोप लागेना. इतक्यात समोरच्या मारुतीच्या देवळात गावकऱ्यांनी भजनास आरंभ केला. तुकारामाचे अभंग होते. म्हणणाऱ्यांचे उच्चार अशुद्ध. एकेक शब्द मोडून-वाकून येत होता. एरव्ही शुद्ध उच्चाराविषयी विनोबा फार काटेकोर. त्या रात्री मात्र त्यांस त्यात काही उणे वाटले नाही, आणि कित्येक वेळ ते देहभान विसरून ते भजन ऐकत राहिले.